मागच्या सीटपासून

एस.टी.चा चेकर गाडीत चढला की लोकांचा हात आपोआप खिशाकडे जातो. तिकीट काढलेलं असलं तरी छातीत धस्स होतं. दामोदर म्हात्रे चढले की मात्र सगळी गाडी मागे वळून बघायची. कारण हा गृहस्थ पुढून चढायचा, डावीउजवीकडे ढुंकूनही न बघता तरातरा चालत थेट शेवटच्या लांब सीटपाशी जायचा आणि तिथून एकेकाला विचारत पुढे यायचा. एकही माणूस सुटायचा नाही. सरपंच असो, हवालदार असो, त्यांच्या स्वतःच्या बायकोचा भाऊ असो. "मागच्या सीटपासून" हे त्यांचं ठरलेलं वाक्य, आणि त्याला जोडून दुसरं, "मधला एक उचलायचा नाय."

मी तेव्हा पेणला राहायचे आणि रोह्याच्या शाळेत मराठी शिकवायला जायचे. रोजचा रस्ता, रोजची गाडी आणि हातात महिन्याचा पास. म्हात्रे आठवड्यातून एकदोनदा तरी भेटायचेच आणि प्रत्येक वेळी पास मागायचे. एकदा मी वैतागून म्हटलं, "अहो, माझा पास तुम्हाला आता पाठ झाला असेल."

"पाठ हाय ना, बाई," ते म्हणाले. "पण तुमच्या शेजारणीला कसं कळणार, की मी सगल्यांना विचारतो?"

मी पास दाखवला. शेजारीण फिदीफिदी हसली, तेही मला चांगलं आठवतं.

उंच, काळेसावळे, खाकी कपड्यांना चाकूसारखी इस्त्री आणि मिशी मात्र वाटेल तशी वाढलेली. पेणच्या खाडीकाठच्या एका गावातले आगरी. वडील मिठागरावर होते. पोरगं शिकलं, एस.टी.त लागलं, कंडक्टरचा चेकर झालं. घरात बोलायची भाषा आणि कामावर बोलायची भाषा त्यांनी कधी वेगळी केली नाही. साहेब आला तरी "हाय" आणि "नाय"च. त्यावरून कोणी हसलं तर म्हणायचे, "कललं ना काय बोललो ते? मंग झालं."

मागच्या सीटपासून सुरू करायची ही सवय त्यांना कुठून लागली, ते त्यांनी मला पुष्कळ उशिरा सांगितलं. नोकरीच्या अगदी सुरुवातीला भरल्या गाडीत दोघातिघांनी बोट दाखवलं म्हणून त्यांनी मधूनच एका कातकरी बाईला उठवून तिकीट विचारलं होतं. तिच्यापाशी तिकीट होतं. पदराच्या गाठीत बांधलेलं. पण सगळी गाडी बघत होती म्हणून तिचा हात इतका थरथरायला लागला की गाठ सुटेना. म्हात्रे म्हणाले, "गाठ शेवटाला मी सोडवली, बाई. तिकीट बरोबर होतं. मना असं वाटलं, की इथनं उडी मारावी." त्यानंतर त्यांनी मधला माणूस कधी उचलला नाही.

कासमभाई आमच्या गोष्टीत आले तेही एस.टी.तूनच. रोह्याला कुंडलिकेवरचा पूल ओलांडला की अष्टमी. तिथले हे कासमभाई, आखातात एका मोठ्या हॉटेलच्या जपानी भटारखान्यात कुक होते. दोन वर्षांनी एकदा सुटीवर यायचे. एका सकाळी पेण स्टँडवर ते माझ्याच गाडीत चढले तेव्हा त्यांच्याजवळ दोरखंडाने करकचून बांधलेला भलामोठा खोका होता. दाढी, टोपी, खोका. एवढ्यावरून गाडीत कुजबुज सुरू झाली. नागोठण्याच्या अलीकडे म्हात्रे चढले, तसा मधल्या सीटवरचा एक जाडजूड व्यापारी उठून उभाच राहिला. "साहेब, पहिला तो खोका उघडून बघा. काय दिवस आलेत, माहितीय ना? सेफ्टीचा प्रश्न हाय."

कासमभाईंनी खोका पुढे ओढला. त्यांनी खाली वाकून गाठ सोडायला घेतली. सवय असल्यासारखी.

"थांब," म्हात्रे म्हणाले. "गाठीला हात लावू नको." मग व्यापाऱ्याकडे वळले. "सामान तपासायचं म्हणता? चांगलं हाय. मंग सगल्यांचं तपासू. मागच्या सीटपासून."

आणि खरोखरच तपासलं हो त्या माणसाने! मागच्या कोळणींच्या पाट्या बघितल्या, माझी वह्यांची पिशवी बघितली, एका म्हातारीचं गाठोडं बघितलं. ड्रायव्हर हॉर्न वाजवून दमला. व्यापाऱ्याच्या सीटखाली पोह्यांची दोन पोती निघाली, आणि त्यांचं लगेजचं तिकीट नव्हतं. म्हात्र्यांनी दंडाची पावती फाडली, त्याच्या हातात दिली आणि मग कासमभाईंचा खोका बघितला. त्यात मुलीसाठी आणलेली सायकल होती, सुटी केलेली. हँडलला गुलाबी झिरमिळ्या.

ती मुलगी म्हणजे नसीम. माझ्याच वर्गात होती. तिच्यामुळे माझं त्या घरी जाणं झालं, आणि खोक्यामुळे म्हात्र्यांचं. पुढे नसीमची आई गेली, कासमभाई आखात कायमचं सोडून आले, म्हात्रे रिटायर झाले, मीही झाले. रविवारी सकाळी पेणहून म्हात्रे आणि मी एकाच गाडीने अष्टमीला जायचो. लोक काय म्हणतील याची मला फिकीर नव्हती, आणि म्हात्रेकाकूंना तर मुळीच नव्हती. "न्या गो बाई, न्या," त्या म्हणायच्या. "घरात असले की कुकराच्या शिट्ट्या तपासतात."

प्रवासाच्या बाबतीत हा माणूस सोबतीला म्हणजे शिक्षा होती. गाडी लागली की छत्रीच्या टोकाने टायर ठोकून बघणार. मिनिडोर रिक्षात एक माणूस जास्तीचा बसला की उतरणार आणि मलाही उतरवणार. भर उन्हात आम्ही दोघं वाकणच्या फाट्यावर उभे, आणि हे मला सांगणार, की पोचायला उशीर झाला तरी चालेल, न पोचलं तर चालणार नाय. मला त्यांचा संताप यायचा. त्यांच्याइतका भरवसाही दुसऱ्या कोणाचा वाटत नसे, तेही खरंच.

कासमभाईंनी सुशी करायचं काढलं ते एका दिवाळीनंतरच्या रविवारी. मुंबईहून त्यांनी समुद्री शेवाळाची काळी, कागदासारखी पानं मागवली होती. भात गुंडाळायची बांबूची चटई आखातातून आणलेली होतीच. अडलं होतं तांदळाशी. त्या भाताला चिकटपणा लागतो, आणि आपल्याकडे तर मोकळा भात झाला नाही की सुनेचा उद्धार होतो. जुना तांदूळ वापरून त्यांच्या दोन खेपा फुकट गेल्या होत्या. मग भातकापणी झाली आणि म्हात्र्यांनी आपल्या शेतातला नवा तांदूळ नेऊन दिला. नव्या तांदळाचा भात गिचका होतो म्हणून आपण वर्षभर त्याच्या नावाने बोटं मोडतो. कासमभाईंनी तो शिजवला, त्यात व्हिनेगर आणि साखर कालवली, बोटांनी दाबून बघितला आणि डोळे मिटून म्हणाले, "सुभानल्ला. दादा, हाच पायजे होता."

कच्चा मासा त्यांनी घातला नाही. "तिकडचा मासा वेगळा, तिकडची थंडी वेगळी. इथं कच्चा घालून मना तुम्हाला दवाखान्यात नाय न्यायचं," म्हणाले. उकडलेली कोळंबी, काकडी, आणि वरून मिठात मुरवलेल्या कैरीचा पातळ काप. चटईवर काळं पान, त्यावर भात, मधोमध कोळंबी. बोटांनी अशी अलगद गुंडाळी केली की आम्ही बघतच राहिलो. सुरी पाण्यात बुडवून त्यांनी वड्या पाडल्या आणि तीन ताटल्यांत मांडल्या. अळूवडीसारखंच दिसत होतं सगळं, फक्त काळंपांढरं.

म्हात्र्यांनी पहिली वडी उचलली, निरखली, आणि बोटांनी उलगडली. पान बाजूला, भात बाजूला, कोळंबी बाजूला. आत काय आहे ते नीट बघितलं, मग तिन्ही वेगवेगळं खाल्लं. दुसरीही तशीच. तिसरीला हात घातला तशी कासमभाईंनी ताटली मागे ओढली.

मी त्यांना तोवर चिडलेलं कधी बघितलं नव्हतं. "दादा," ते म्हणाले, "जनमभर माझी बॅग उघडली लोकांनी. तू माझी सुशीपण उघडतोस?"

म्हात्र्यांच्या मिशीला भाताचं शीत लागलेलं. त्यांनी हात लांब करून माझी ताटली पुढे ओढली आणि माझ्या सगळ्या वड्या उलगडल्या. नंतर कासमभाईंच्या. एकूण एक. "आता सगल्यांच्या झाल्या," ते म्हणाले. "आता तक्रार नाय."

कासमभाई इतके हसले, इतके हसले, की त्यांना ठसका लागला. त्या दिवशी आम्ही सुशीचा काला खाल्ला. आणि मग हसता हसताच त्यांनी विमानतळांबद्दल सांगितलं, जे इतक्या वर्षांत कधी सांगितलं नव्हतं. प्रत्येक खेपेला बाजूला घेतात. सगळ्यांसारखी तपासणी होते, आणि त्यानंतर आणखी एक, एकट्याची. सामान टेबलावर पसरतात. पत्नीच्या आजारपणात आले तेव्हा तिची औषधंही एकेक करून उघडली होती. लोक बाजूने जाताना बघत जातात. शेवटचं परत आले तेव्हाच त्यांनी ठरवलं, की आता विमानतळाची पायरी चढायची नाही. "मना काय राग नाय," ते म्हणाले. "त्यांची ड्युटी हाय. फक्त आता पुरे झालं."

यावर आमचा जो वाद सुरू झाला, तो पुढे कित्येक रविवार चालला. माझं म्हणणं साधं होतं. तपासणी हवीच. जगात काय चाललंय ते आपण बघतो. पाच मिनिटं जास्तीची गेली तर काय बिघडलं? विमान सुखरूप पोचतं ना?

"पाच मिनिटं सगल्यांची गेली तर काय बिघडत नाय," म्हात्रे म्हणायचे. "एकाचीच दर खेपेला गेली तर त्याचा जन्म जातो, बाई."

"पण संशय आला तर?"

"संशय आला तर जरूर धरा. मी धरलेत, बिनतिकिटाचे पक्के चोर धरलेत. पण ह्याच्याकडे बघून संशय कशाचा आला, ते सांगा मना. खोका बांधायची पद्धत चुकली म्हणून?"

"यंत्रं असतात. ती ठरवतात. त्याला रँडम म्हणतात."

"यंत्राला दाढी दिसते काय?"

कासमभाई मध्ये पडायचे. "सोड ना, दादा. तू ओरडशील आणि विमान माझं चुकेल." त्यांना कोणी आपल्यासाठी भांडलेलं नको असायचं. भांडणाने नजरा वाढतात, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटायचं. म्हात्र्यांना कधीच पटलं नाही. ते म्हणायचे, "नजरा वाढू दे की. बघणाऱ्याला पण कळू दे, तो काय बघतोय."

वाद तोंडी लावायला आणि सुशी पोट भरायला, असे ते रविवार गेले. मधल्या काळात सुशीनेही बरंच सोसलं. म्हात्र्यांनी हट्टाने तिच्यात सुका जवळा घालायला लावला. भाजलेला, तिखट-मीठ लावलेला. "ही जपान्यांची बेइज्जती हाय," कासमभाई म्हणाले, पण केली. आणि काय सांगू, त्या काळ्या पानाला आणि आंबटगोड भाताला तो जवळा असा लागला की कोळंबी मागे पडली. नसीमला फोनवरून त्याचे फोटो गेले. ती तेव्हा लग्न होऊन गुवाहाटीला होती, कॉलेजात शिकवत होती. तिने लिहिलं, "अब्बा, मला ही पायजे. डोहाळे लागलेत."

बाळ यायचं होतं ते वेळेच्या बरंच आधी आलं. नसीमच्या नवऱ्याचा फोन आला, की बाळ काचेच्या पेटीत आहे आणि नसीम सारखी अब्बांबद्दल विचारते आहे. कासमभाई म्हणाले, ट्रेनने निघतो. रोह्याहून गुवाहाटी! नुसत्या गाड्या बदलण्यातच जीव गेला असता. मी म्हटलं, विमानाचं तिकीट काढते. ते मान हलवत राहिले. "बाई, तिथं मना पुन्हा बाजूला घेतील. लेकीकडे जाताना ते डोक्यात घेऊन नाय जायचं मना."

"जायचं," म्हात्रे म्हणाले. "मी येतो."

"तू कशाला?"

"मना बघायचंय, तुला कोण उचलतो ते."

नसीमने मलाही बोलावलं होतं. घरात बाईमाणूस कोणी नव्हतं. तर असे आम्ही तिघं निघालो. पहाटे कासमभाईंनी जवळ्याची सुशी करून स्टीलच्या डब्यात भरली आणि डबा गुपचूप म्हात्र्यांच्या पिशवीत ठेवला. "माझी पिशवी उघडतात," एवढंच म्हणाले.

म्हात्र्यांचं ते पहिलं विमान. पंचाहत्तरी उलटलेली, पण त्या दिवशी त्यांनी शर्टाला खाकीच्या काळातली इस्त्री केली होती. मोठ्या तपासणीपाशी पट्टे, पाकिटं, फोन सगळ्यांनी ट्रेमध्ये काढून ठेवले, तसं त्यांना फारच बरं वाटलं. मंत्र्यासारखा दिसणारा एक माणूसही मोजे सावरत उभा होता. "हे बरोबर," म्हात्रे मला म्हणाले. "सगल्यांना एकच ट्रे." हातातलं यंत्र फिरवणाऱ्या जवानाला त्यांनी चक्क शाबासकी दिली. तो गोंधळून गेला बिचारा.

कासमभाईही इतरांसारखेच आले. कोणी काही विचारलं नाही. त्यांचा चेहरा हळूहळू सैल झाला. चहा प्यायले, नसीमच्या लहानपणच्या सायकलची गोष्ट काढली. मला वाटलं, चला, निभावलं.

विमानात सोडायला सुरुवात झाली. कासमभाई पुढे, म्हात्रे त्यांच्या मागे, त्यांच्या मागे मी. दाराशी एका टेबलापाशी तपासणीची दोन माणसं उभी होती. रांगेतले लोक त्यांच्यासमोरून जात होते. कासमभाई आले तसा त्यातल्या एकाने हात आडवा केला. "सर, आप इधर आइए."

कासमभाई बाजूला झाले, पिशवी टेबलावर ठेवली आणि स्वतःहून चेन उघडायला लागले. त्या दिवशी गाडीत खोक्याची गाठ सोडायला वाकले होते, अगदी तसेच.

म्हात्रे रांगेतून बाहेर पडले आणि आपली पिशवी त्यांच्या पिशवीशेजारी ठेवली.

"अंकल, आपका नहीं. आप जाइए."

"इनका हो गया था," म्हात्रे आपल्या हिंदीत म्हणाले. "सबके साथ हो गया. फिर दुबारा काहेको?"

"रँडम चेक है."

"अच्छा. तो मेरा पण रँडम करो."

"ऐसा नहीं होता, अंकल. फ्लाइट निकल जाएगी."

"निकलने दो."

मागची रांग थबकली. कोणीतरी मोठ्याने म्हणालं, काय तमाशा आहे. कासमभाईंचा चेहरा पडला. "दादा, जा ना," ते कळवळून म्हणाले. "नको लाजवू मना. पोर वाट बघतेय."

"तू जा," म्हात्रे म्हणाले. त्यांचा आवाज चढलेला नव्हता. गाडीत तिकीट मागताना असायचा तसाच होता. "तुझं झालं की तू बस विमानात. बाई आहेत तुझ्यासंगती. मी ट्रेननं येतो. पण मना तपासल्याबिगर मी आत जायचा नाय. आणि लाज तुना कशाला? तू कुठं काय चोरलंस?"

तिकडे ते बाळ पेटीत, इकडे विमानाचं दार उघडं आणि हा म्हातारा टेबलाला चिकटून हात वर करून उभा. एक क्षण वाटलं, धरून ओढावं आत. पण कासमभाईंकडे बघितलं आणि मीही पाय रोवून उभी राहिले.

गडबड ऐकून त्यांची वरिष्ठ आली. चाळिशीची, चष्मा लावलेली बाई. तिने सगळं ऐकून घेतलं, म्हात्र्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं आणि थकलेल्या आवाजात म्हणाली, "ठीक है. इनका भी कर लो."

म्हात्र्यांच्या पिशवीतून पंचा निघाला, गोळ्यांची पुडी निघाली आणि स्टीलचा डबा निघाला. डबा उघडला तसा भाजलेल्या जवळ्याचा वास सगळ्या दारात पसरला. तपासणाऱ्याने मान मागे घेतली. "ये क्या है?"

"सुशी," म्हात्रे छाती काढून म्हणाले. "अष्टमी की. अंदर जवला है."

त्या माणसाने एक वडी बोटांत धरली आणि पानाच्या कडेला नख लावलं.

"नहीं."

हे कासमभाई बोलले. मी वळून बघितलं. ते ताठ उभे होते. इतके ताठ की मला ते उंच वाटले.

"खोलना मत," ते म्हणाले. "मैंने बनाई है. मेरी बेटी के लिए. मशीन में डालो, दस बार डालो. शक है तो मैं तुम्हारे सामने खाता हूँ. लेकिन खोलना मत."

म्हात्रे त्यांच्याकडे बघत राहिले. मग ते टेबलापासून एक पाऊल मागे सरकले.

त्या बाईने वडी आपल्या माणसाच्या हातातून घेतली, डब्यात ठेवली आणि झाकण लावून डबा कासमभाईंच्या हातात दिला. म्हात्र्यांच्या नव्हे, कासमभाईंच्या. मग तिने रांगेकडे बघितलं आणि तिची नजर माझ्यावर थांबली. "मॅडम, आप भी आइए. और आपके पीछेवाले भी."

माझी पर्स टेबलावर रिकामी झाली. रुमाल, चष्मा, आवळासुपारी, एक तुटका कंगवा. माझ्या मागच्यांनी, तमाशा म्हणणाऱ्यानेही, मुकाट्याने पिशव्या उघडल्या. फार तर पाच मिनिटं गेली.

"आता गाडी बरोबर चालली," म्हात्रे म्हणाले आणि विमानात शिरले.

आत बसल्यावर त्यांनी संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग कुठे आहे ते दोनदा विचारून घेतलं, सीटखाली हात घालून लाइफ जॅकेट असल्याची खात्री केली, आणि शेजारच्या अनोळखी माणसालाही चाचपायला लावलं. कासमभाई खिडकीशी डबा मांडीवर घेऊन बसले होते. विमान उडालं तसा त्यांनी म्हात्र्यांच्या मनगटावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

नसीमने दवाखान्याच्या खाटेवर बसून ती सुशी खाल्ली. वड्या सुकल्या होत्या, भात कडक झाला होता, तरी रडत रडत डबा चाटूनपुसून संपवला. बाळ जगलं. मुलगी आहे, आता दुडुदुडु धावते, आणि फोनवर मला "बाई" म्हणते.

म्हात्रे त्यानंतर फार दिवस राहिले नाहीत. पोटाचं दुखणं निघालं आणि वर्षाच्या आत त्यांना घेऊन गेलं. मला त्यांची रोज आठवण येते. तपासणी हवी, असं मी आजही म्हणते. पण आता म्हणताना आधी मागे बघते.

शेवटचं मी त्यांना गाडीतच बघितलं. रविवार होता. अंगात त्राण नव्हतं, शर्ट खांद्यावरून लोंबत होता, तरी अष्टमीला निघाले होते. पुढच्या सीटवर जागा असून हट्टाने मागच्या लांब सीटवर जाऊन बसले. मी शेजारी. पंचाहत्तरीच्या पुढच्यांना एस.टी. फुकट असते, पण तिकीट घ्यावं लागतं, शून्य रुपयांचं. ते त्यांनी हातात धरून ठेवलं होतं.

नागोठण्याच्या पुढे चेकर चढली. नवी मुलगी होती, खाकीतली, चुणचुणीत. ती म्हात्र्यांना ओळखत असावी. एकेकाचं तिकीट बघत मागे आली, माझं बघितलं, त्यांच्याकडे बघून हसली आणि म्हणाली, "काका, तुमचं राहू दे. तुम्हाला काय तपासायचं?" आणि वळली.

म्हात्र्यांनी छत्री जमिनीवर आपटली. "ए बाय. थांब."

ती थांबली.

"मना सोडलंस," ते म्हणाले, आणि मधे दम घ्यायला थांबले. "तर ज्याला धरशील, त्याला काय सांगशील?"

गाडीतली सगळी माणसं मागे वळून बघत होती. ती मुलगी परत आली. तिने त्यांच्या हातातलं तिकीट घेतलं, उजेडाकडे धरून वाचलं आणि परत दिलं.

"बघितलं, काका."

"नीट बघितलंस?"

"व्हय."

"मंग जा," म्हात्रे म्हणाले, आणि तिकिटाची घडी घालून ते वरच्या खिशात ठेवलं.